पक्का रंग, कच्चा रंग

मागल्या वर्षी पाटोद्यात मुलींच्या खो-खो संघासाठी आम्ही वर्गणी काढून जर्सी करून घेतल्या. संघातल्या निम्म्याहून अधिक मुली ऊसतोड्यांच्या घरच्या. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात आणि पोरी आजीजवळ राहतात. वर्गणीचा रुपया कुठून आला हे आम्हांला ठाऊक होते. कापड नायलॉनचे, पाठीवर नाव आणि आकडा. हा आकडा कागदावर आधी छापलेला असतो; तापलेल्या यंत्राखाली कापडावर दाबून तो उठवतात. दुसऱ्याच धुण्याला सातचा आकडा सुटून बादलीत तरंगू लागला! दुसऱ्या एका जर्सीवर आकडा घट्ट बसला होता, पण भोवतालचे कापडच चुरमडले होते. एक दुकानदार म्हणाला, "सर, उष्णता कमी पडली." दुसरा म्हणाला, "जास्त झाली." मी पडलो इतिहासाचा मास्तर. मी मागे पाहू लागलो.

आपल्याकडच्या बायका लुगडे घेताना एकच प्रश्न विचारीत : रंग पक्का की कच्चा? हा प्रश्न फार जुना आहे. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठाच्या तांबड्या रंगात रंगवलेला होता. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मौज अशी की, कापूस मंजिष्ठाचा रंग नुसता धरत नाही. धुतला की गेला. मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ म्हणजे न्हाव्याच्या पेटीतली तुरटी.

छिपे, रंगारी, भावसार यांची रीत पाहा. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे. मग लाकडी ठसा तुरटीच्या लगद्यात बुडवून कापडावर मारायचा. त्या वेळी नक्षी धड दिसतही नाही. पुढे मंजिष्ठात किंवा आलीच्या मुळ्यांत (आपण जिला बारतोंडी म्हणतो तिच्या) कापड उकळले की जिथे तुरटी तिथे तांबडे फुल उमटते, बाकीचा रंग धुऊन जातो. काळा हवा असेल तर भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवायचे. म्हणजे गूळ इथेही आहेच! ही छीट युरोपात इतकी खपली की तिथले विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने 1686 साली तिच्यावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडने 1700 आणि 1721 मध्ये कायदे केले. एका फ्रेंच पाद्र्याने, कर्दू त्याचे नाव, 1742 साली दक्षिणेतल्या रंगाऱ्यांना विचारून सारी कृती मायदेशी लिहून कळवली.

कागदावरचे चित्र दुसरीकडे उतरवण्याची युक्तीही त्याच शतकातली. 1756 साली लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी सहा तासांत बाराशेंहून अधिक फरशा अशा रीतीने छापून दाखवल्या. पण फरशी ती फरशी. कापडाचा स्वभाव निराळा, आणि प्रत्येक धाग्याचा त्याहून निराळा.

नायलॉन हा तर अगदी अलीकडचा पाहुणा. अमेरिकेत कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने तो 1935 साली प्रथम तयार केला. चुलीजवळ नायलॉनच्या साडीवर ठिणगी पडली की काय होते हे आपल्या घरोघरी माहीत आहे : सुत जळते, नायलॉन वितळते. त्याच्या एका जातीचा वितळणबिंदू 220 अंशांच्या आसपास, दुसरीचा 260 च्या. पण आकसायला ते त्याच्या बरेच आधी लागते. आता पॉलिएस्टर घ्या. 1957 साली फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांना असे आढळले की काही रंग तापवले असता पातळ न होता थेट वाफ होतात. डबीतला कापूर उडून जातो ना, तसेच. ही वाफ पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून बसते. मात्र त्यासाठी 190 ते 200 अंश उष्णता लागते. तेवढी नायलॉनला दिली की आमच्या त्या जर्सीसारखी गत होते, आणि रंगही धुण्यात तितका टिकत नाही.

म्हणून नायलॉनसाठी वेगळा, डिंकाचा थर लावलेला पातळ पापुद्रा वापरतात. तो साधारण 130 ते 150 अंशांवर, थोडे सेकंद दाबून बसतो. तरी एक खोच उरतेच. दप्तराच्या, रेनकोटाच्या नायलॉनवर पाणी न शिरावे म्हणून लेप दिलेला असतो. जो लेप पाण्याला हाकलतो तो डिंकालाही पुष्कळदा हाकलतो; तिथे नायलॉनसाठीच केलेला पापुद्रा मागावा लागतो. दोन्ही दुकानदार आपापल्या परीने खरेच बोलत होते. पण कापड कोणते, त्यावर लेप आहे का, हे दोघांनीही विचारले नाही. मीही विचारले नव्हते, हे कबूल करतो.

शिक्षकमित्रांनो, शाळेच्या जर्सी करायच्या असतील तर आधी कापडाच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचा. बाजारात पॉलिएस्टरलाही सर्रास नायलॉन म्हणतात. एकाच जर्सीच्या आतल्या दुमडीवर एक आकडा दाबून घ्या, एक दिवस जाऊ द्या, मग ती तीन-चार वेळा धुवा आणि उरलेल्यांचे पैसे त्यानंतर द्या. यंदा आम्ही तसेच केले. पहिला पापुद्रा निघाला, दुसरा टिकला. जुन्या सात नंबरच्या जर्सीवर मात्र त्या मुलीच्या आजीने तांबड्या दोऱ्याने आकडा काढून दिला आहे. ती अजून तीच घालते.