प्रश्न माणसाचा, वाट यंत्राची

प्रश्न विचारणें सोपें आणि उत्तर शोधणें कठीण, असा सर्वांचा अनुभव आहे. संगणकाच्या जगांत मात्र कित्येक वर्षें प्रश्न विचारणेंहि तितकेंच कठीण होतें. श्रोत्यांनीं एखादी अमेरिकन कंपनी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या नोकरांची यादी एकीकडे, खात्यांची दुसरीकडे आणि हुद्द्यांची तिसरीकडे. ‘डेन्व्हर शहरांतील खात्यांत काम करणारे कारकून कोण, व त्यांचा पगार किती?’ एवढेंच हवें असलें, तरी कोणत्या नोंदीपासून निघावें आणि कोणत्या दुव्यानें पुढें जावें, हें प्रोग्रामरला पायरीपायरीनें लिहून द्यावें लागे. नोंदींची मांडणी बदलली कीं हे श्रम पुष्कळदां वायां जात. १९७३ सालीं ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत चार्ल्स बाकमन यांनीं प्रोग्रामरला नावाड्याची उपमा दिली, ती यथार्थच होती.

परंतु नावाडी हवाच कशाला? आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत काम करणारे एडगर कॉड यांनीं १९७० सालच्या आपल्या निबंधांत निराळा मार्ग दाखविला होता. सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी. कोष्टकांचें नातें गुप्त दुव्यांनीं नव्हे, तर समान मूल्यांनीं जोडावें. नोकराच्या ओळींत खात्याचा क्रमांक आहे, तोच खात्याच्या ओळींतहि आहे. जुळणीस एवढी खूण पुरे. काय हवें तें माणसानें सांगावें, कसें शोधावें तें यंत्रानें ठरवावें. या विचाराला शब्दरूप देणारी भाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं मांडली. आजची एसक्यूएल ती हीच. बॉइस मात्र त्याच वर्षीं अकालीं निवर्तले.

आक्षेप एकच, पण भारी होता: अनुभवी माणसाइतकी जवळची वाट यंत्राला सांपडेल काय? १९७९ सालीं पॅट्रिशिया सेलिंगर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनीं याचें उत्तर दिलें, आणि त्यासाठीं उदाहरण घेतलें तें डेन्व्हरच्या कारकुनांचेंच! कोणत्या कोष्टकांत किती ओळी आहेत, एखाद्या अटीनें त्यांतील किती गळतील, याचा यंत्र आधीं अंदाज घेतें. डेन्व्हरमध्यें खातीं थोडीं असतील तर तेथून आरंभ करणें स्वस्त पडेल. कारकून थोडे असतील तर कदाचित् हुद्द्यांपासून. प्रत्येक वाटेचा खर्च मांडून यंत्र सर्वांत स्वस्त वाट निवडतें. विचारणाऱ्याला प्रश्नांतील एक अक्षरहि बदलावें लागत नाहीं.

१९८१ सालीं कॉड यांनाहि ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. तरी एक भार माणसाच्याच शिरावर राहिला. दोन कोष्टकें जोडणारी खूण सांगावयाची राहिली, तर १०० नोकर आणि १० खातीं यांच्या १,००० जोड्या पुढें येतात, आणि यंत्र तक्रार न करतां त्या मांडून दाखवितें. वाट शोधण्याचें काम यंत्रानें घेतलें; नेमका प्रश्न विचारण्याचें काम मात्र माणसाकडेच आहे.