संस्कार, सीमा आणि मराठी ख्रिस्ती कविता

ख्रिस्ती ‘साक्रामेंत’साठी मराठीत रूढ झालेला ‘संस्कार’ हा शब्द निरपेक्ष नाही. षोडश संस्कारांची स्मृती तो सोबत आणतो. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध कथा म्हणून अवतरते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांच्या अभंगांत मात्र ख्रिस्ताशी असलेले भक्तिनाते मध्यवर्ती झाले. त्या संस्काराने त्यांना स्वकीयांपासून, काही काळ पत्नीपासूनही, दूर केले होते. तरीही १९१७ मधील त्यांच्या ‘देवाचा दरबार’मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. म्हणून या कवितेतील संस्काराचे मूल्यमापन विधीच्या उल्लेखांवरून नव्हे, तर सीमा आणि भक्ती यांमधील ताणावरून करावयास हवे.