रिद्धपूरची लेखनदेवता

विजयादशमीस पाटीवर सरस्वती काढून पुजणाऱ्या महाराष्ट्राला लेखनाची देवता असावी यात नवल वाटत नाही. मिसरात थोथ, बाबिलोनात नबू. जपानात तर इसवी सन 903 त हद्दपारीत वारलेला पंडित मिचिझाने हाच पुढे तेनजिन या नावाने विद्येचा देव झाला. रोमच्या पोपने 1923 साली संत फ्रान्सिस द सेल्स यास लेखकांचा पालक ठरविले. आपल्या ज्ञानदेवांनीही शके 1212 त ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे रूपक मांडले. परंतु त्याच सुमारास, वऱ्हाडात मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ सिद्ध झाला, तो अशा देवतेवाचूनच!

महानुभाव मतात देवता पुष्कळ आहेत. पण मोक्ष देणारा परमेश्वर निराळा, म्हणून देवताभक्ती वर्ज्य. मग लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटाने साकडे घालावे कोणाला? तो माणसांकडे गेला. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर भक्तमंडळी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस रिद्धपुरी जमली होती. स्वामींची लीळा ज्याने प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली त्याच्याकडून ती मिळवावयाची, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावयाची, आणि मग लिहावयाची, अशी म्हाइंभटाची रीत. एकाच प्रसंगाची दोघांची आठवण निराळी पडली, तर 'वासना' म्हणून तीही पोथीत राखलेली दिसते. इतका प्रामाणिकपणा आजच्या चरित्रकारांतही आम्हांस क्वचितच आढळतो.

पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथात सांगतात. तेव्हा ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो स्मरणातून. आणि त्या स्मरणकर्त्यांत हिराइसा या बाईचे नाव परंपरा आदराने घेते. पाठ अर्थातच एक राहिला नाही. हिराइसेचा निराळा, पिढीपाठ निराळा. तरीही लेखनाचे रक्षण करणारी व्यक्ती शोधावयाची असेल तर आमच्या मते ती हीच. तिला ना हंस, ना वीणा.

या कथेला एक कडू शेवटही आहे. पंडितांना संस्कृताची ओढ असता नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, तो पंथातील साध्यासुध्या बायाबापड्या ज्ञानाला मुकू नयेत म्हणून. आणि चौदाव्या शतकात त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत घातले! एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारी ही सांकेतिक लिपी. तिने पोथ्या जपल्या हे खरे. पण ज्या म्हातारीसाठी मराठी राखली, तिच्याच पंथाबाहेरच्या शेजारणीला त्या शेकडो वर्षे बंद झाल्या. पंथाविषयी लोकांत जे गैरसमज माजले, त्यांतील काही तरी या कुलपाच्या माथी येतात, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, आणि विष्णु भिकाजी कोलते यांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र 1978 साली छापून निघाले. रिद्धपुरास 2024 साली मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हाइंभटाने लिहावयास जागा निवडली ती याच गावी, वाजेश्वरीच्या स्थानी, असे तेथील मंडळी अद्याप सांगतात.