प्लेगच्या लशीचे पहिले स्वयंसेवक

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळूं लागले. हा रोग प्लेगच होय, असें निदान डॉ. अकासियु गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं २३ सप्टेंबर रोजीं केलें. त्यानंतरच्या साथीचा इतिहास लिहितांना घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या व १८९७ सालीं पुण्यांत झालेला रँडसाहेबाचा वध यांवर लेखकांनीं भर दिला आहे, व तो योग्यच आहे. परंतु त्याच वेळीं मुंबईच्या एका वैद्यकीय विद्यालयाच्या आवारांत लशीचा प्रयोग चालला होता. त्या प्रयोगासाठीं ज्यांनीं आपलें शरीर पुढें केलें, त्यांचा विचार इतिहासांत वेगळा व्हावयास पाहिजे. प्रस्तुत लेखांत तेवढाच विषय घेतला आहे.

वाल्डेमार हाफकिन हा मूळचा ओडेसा येथील यहुदी. तेथील विद्यापीठांत शिक्षण झाल्यावर पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यानें पटकीची लस सिद्ध केली व १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९३ सालीं तो हिंदुस्थानांत आला. प्लेगची वार्ता पसरल्यावर सरकारनें त्यास ७ ऑक्टोबर १८९६ रोजीं मुंबईस आणिलें. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यास एक लहानशी जागा, एक कारकून व तीन पट्टेवाले इतकेंच साहाय्य मिळालें. मांसाच्या रसांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे. रसावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडावयाचे, म्हणजे त्यांच्या आधारानें जंतूंचे झुबके खालीं लोंबूं लागतात. मग तो रस तापवून जंतु मारावयाचे व त्यांत थोडें कार्बोलिक ॲसिड घालावयाचें, अशी ती कृति होती. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननें या लशीची १० घन सेंटिमीटर मात्रा स्वतः टोंचून घेतली. पुढें रूढ झालेल्या मात्रेच्या ती कितीतरी पट होती. त्याच्या मागोमाग शहरांतील कांहीं सुशिक्षित गृहस्थ पुढें आले. हा स्वयंसेवकांचा पहिला वर्ग होय. त्यांस लस म्हणजे काय हें समजत होतें, आणि नको म्हणण्याची मोकळीकही होती.

दुसरा वर्ग भायखळ्याच्या तुरुंगांतील. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथें प्लेग शिरला. ३० जानेवारी रोजीं सुमारें दीडशे कैद्यांनीं स्वखुषीनें लस घेतली, असें नमूद आहे. न घेणारे त्यांहून थोडे अधिक होते. दोहोंचें अन्न, काम व निवासस्थान एकच. पुढें लस न घेतलेल्यांपैकीं १२ आजारी पडून ६ मेले; घेतलेल्यांपैकीं २ आजारी पडले व एकही मेला नाहीं. लशीच्या गुणाचा हा पहिला मोठा पुरावा होय. परंतु येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. सर्वांची राहणी सारखी असल्यामुळें तुलना निर्दोष झाली. ती सारखी असण्याचें कारण तुरुंगाच्या भिंती. आणि त्याच भिंतींमुळें ‘स्वखुषी’ या शब्दाविषयीं शंका उत्पन्न होते. आंत साथ आणि बाहेर पडण्यास मार्ग नाहीं, अशा माणसाच्या होकाराचें मोल कसें करावें?

तिसरा वर्ग जमातींचा. तरुण आगाखान, तिसरे, यांनीं सर्वांसमक्ष लस टोंचून घेतली व आपल्या खोजा अनुयायांपैकीं हजारोंस ती घेण्यास प्रवृत्त केलें. येथें कोणाची सक्ति नव्हती. पण धर्मगुरूचा शब्द हीही एक शक्तिच होय.

चौथा वर्ग खेड्याचा. फेब्रुवारी १८९८ मध्यें बडोद्याजवळील उंधेरा गांवीं एकेका कुटुंबांतील कांहीं माणसांस लस दिली व बाकीचीं तशींच ठेविलीं. ज्या २८ कुटुंबांत रोग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकीं ३ मेले. न घेतलेल्या ६४ पैकीं २६. शास्त्राच्या दृष्टीनें हे आंकडे बोलके आहेत. परंतु एकाच छपराखालीं एकाच्या दंडांत सुई गेली व दुसऱ्याच्या गेली नाहीं, त्या घरांत पुढें काय बोललें गेलें असेल, हें आंकड्यांवरून कळत नाहीं.

१८९७ च्या साथरोग कायद्यानें सरकारास घरांत शिरण्याचा व रोगी हालविण्याचा अधिकार मिळाला. टोंचणी मात्र तत्त्वतः ऐच्छिकच राहिली. तरी लस घेतल्याचा दाखला जवळ असला म्हणजे विलगीकरणाचा जाच कमी होई, हा लोभ कांहीं लहान नव्हता. विश्वास किती नाजूक असतो हें पंजाबांतील मुलकोवाल येथें दिसलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं तेथें एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ लोक पुढें धनुर्वातानें मेले. हाफकिनवर ठपका आला. रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं त्याची बाजू मांडल्यावर १९०७ सालीं तो निर्दोष ठरला. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्याचें नांव देण्यांत आलें. त्या १९ जणांचें नांव कोणत्याही इमारतीस नाहीं.

आज संशोधनांत भाग घेणाऱ्याची लेखी संमति घ्यावी लागते व ती केव्हांही परत घेण्याचा त्यास हक्क असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांची गणना विशेष संरक्षणास पात्र अशा लोकांत केली आहे. भायखळ्याच्या प्रयोगाकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे हाफकिनची थोरवी कमी होत नाहीं. मात्र त्या यशांत इतरांचा वांटा केवढा होता, हें स्पष्ट होतें.

हा वांटा छापील इतिहासांत बहुधा आंकड्यांच्याच रूपानें येतो. म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, १८९६ ते १९०० या सालांतील घरगुती पत्रें, रोजनिशा व मोडी जमाखर्च चाळतांना ‘टोंचणी’, ‘दाखला’, ‘गांठीचा ताप’ हे शब्द दिसल्यास तें पान अलग ठेवावें. टोंचणीचा जीर्ण दाखला रद्दी समजून टाकूं नये. सनदेइतका तो देखणा नसेल, पण कोणा एका माणसानें भीत भीत दंड पुढें केला, याचा तेवढाच लेखी पुरावा उरलेला असूं शकेल.