सुगरणीचे घरटे आणि किहीमचा पावसाळा

१/
१९३० साली सालिम अली बर्लिनहून मुंबईस परतले, तेव्हा त्यांची नोकरी उरलेली नव्हती. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील मार्गदर्शक-व्याख्यात्याचे पद पैशांअभावी रद्द झाले होते. हाती विद्यापीठाची पदवी नाही, वय तेहेतिशीचे. पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी बिऱ्हाड हलवले ते अलिबागजवळच्या किहीमला.

२/
त्या काळी पक्षीशास्त्र म्हणजे मुख्यतः बंदूक आणि कपाट. पक्षी मारावा, कातडे भरावे, अंडी फोडून रिकामी करावीत, चिठ्ठी लावावी. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ए. ओ. ह्यूम यांनी भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर व अंड्यांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. हजारो अंड्यांसह त्यांचा संग्रह १८८५ मध्ये लंडनला गेला. हे काम मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु त्या अंड्यांतून पिल्ले कोण वाढवतो, हे कपाट सांगू शकत नव्हते.

३/
बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे सालिम अली वेगळे काही शिकले होते. जिवंत पक्ष्याचे वर्तन हाही शास्त्राचा विषय आहे, असे त्यांचे हे गुरू मानत. किहीममध्ये वेळ मुबलक होता आणि पावसाळा हा तर सुगरणीचा विणीचा हंगाम. त्यांनी घरट्यांजवळ आडोसा उभारला आणि तासन्‌तास नोंदी घेतल्या.

४/
सुगरणीविषयी तर्क जुनेच होते. घरट्यात चिखलाचे गोळे सापडतात. त्यांवर काजवे चिकटवून पक्षी उजेड करतो, ही लोककथा सर्वत्र प्रसिद्ध. जर्डन यांनी १८६०च्या दशकात तिच्याऐवजी वाऱ्यात घरटे स्थिर राहावे म्हणून हे वजन असावे, असे मत मांडले. अर्धवट सोडलेली घरटी नराच्या बसण्यासाठी असतात, असाही समज होता.

५/
किहीमच्या नोंदींतून या अर्धवट घरट्यांचा उलगडा झाला. गवताच्या व पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून विणकाम करतो तो नर, आणि एकटाच. घरटे टोपीच्या आकाराचे, अर्धे झाले की तो पंख फडफडवत लटकतो. माद्या येतात, आत शिरतात, वीण तपासतात. पसंत पडले तर मादी तेथेच राहते आणि मग नर अंड्यांची खोली व खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो. नापसंत ठरलेले घरटे तसेच लटकत राहते.

६/
अंडी घातल्यावर ती उबवते मादी. पिल्लांना किडे भरवण्याचा भारही बहुतांशी तिच्यावरच. नर तोवर शेजारच्या फांदीवर दुसरे घरटे विणू लागलेला असतो, दुसऱ्या मादीसाठी. जमल्यास नंतर तिसरेही. एकाच वेळी मोठा जनानखाना नव्हे, तर एकामागून एक जोडीदारीण, अशी ही बहुपत्नीक पद्धत होती. आदर्श जोडप्याची कल्पना घेऊन पाहणाऱ्यास ती दिसली नसती.

७/
मराठीची येथे थोडी गंमत होते. ‘सुगरण’ हे नाव स्त्रीलिंगी, आणि बहिणाबाई चौधरींच्या प्रसिद्ध कवितेतही खोप्याचे श्रेय मादीचे. विणकर प्रत्यक्षात नर निघाला. तरीही पिल्लांचा संसार निभावणारी तीच, आणि कोणते घर टिकेल हे ठरवणारीही तीच. तेव्हा नाव अगदीच चुकले असे म्हणवत नाही.

८/
हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सालिम अलींचे नाव पक्षीशास्त्रज्ञांत झाले. नोकरी मात्र त्याने मिळाली नाही. त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला: वेतन नको, मोहिमेचा खर्च द्या, तुमच्या प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद संस्थानाने तो स्वीकारला आणि १९३१ मध्येच तेहमिनासह त्यांच्या छावण्या दख्खनच्या पठारावर पडू लागल्या.