सिस्टीम कॉलची कुळकथा

आपण लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम स्क्रीनवर एक अक्षरसुद्धा परस्पर उमटवू शकत नाही. फाइल उघडायची असो की नेटवर्कवर काही पाठवायचं असो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे मागणी करावी लागते. ही मागणी म्हणजे सिस्टीम कॉल. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात तो एका प्रकरणात येतो, इंटरप्ट दुसऱ्याच. वंशावळ मात्र सांगते की सिस्टीम कॉल इंटरप्टच्या घरातच वाढला.

इंटरप्ट म्हणजे चालू काम मध्येच थांबवायला लावणारी हाक. तिचा जन्म वाट पाहण्याच्या कंटाळ्यातून झाला. सुरुवातीच्या संगणकांत छपाई यंत्राचं काम आटपेपर्यंत प्रोसेसर ‘झालं का, झालं का’ एवढंच तपासत बसायचा. 1951च्या युनिव्हॅकमध्ये बेरीज मर्यादेबाहेर गेली की यंत्र आपसूक एका ठरलेल्या पत्त्यावर उडी मारत असे. पण ती हाक यंत्राच्या पोटातली होती. 1954मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने ट्रेलरमध्ये बसवलेला डिसिएक तयार केला, त्यात बाहेरच्या उपकरणाचा इशाराही चालू काम थांबवू शकत होता.

या कल्पनेची धास्ती घेणारा माणूस साधासुधा नव्हता. 1957च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये लोपस्ट्रा आणि शोल्टेन एक्स-1 या संगणकाची रचना करत होते. त्यात इंटरप्ट घालायचा बेत त्यांनी आपला प्रोग्रॅमर सहकारी एडस्खर डाइक्स्ट्राला सांगितला आणि तो हादरला. तोवर तोच प्रोग्रॅम त्याच आकड्यांवर पुन्हा चालवला की तीच चूक पुन्हा दिसायची. आता इशारा कोणत्या दोन सूचनांच्या मध्ये येऊन पडेल याचा नेम राहणार नव्हता, म्हणजे एकदा दिसलेली चूक पुन्हा सापडेलच असं नाही. बऱ्याच विरोधानंतर तो कामाला लागला. यंत्राची स्थिती कुठल्याही क्षणी जपून ठेवता येते आणि काम झाल्यावर जशीच्या तशी परत आणता येते, हे त्याने आधी स्वतःला पटवलं. 1959मधला त्याचा पीएच.डी. प्रबंध याच कामावरचा आहे. चालू कामाला पत्ताही न लागता ते थांबवून पुन्हा सुरू करायचं, ही शिस्त आजही प्रत्येक कर्नलच्या मुळाशी आहे. मला हा या कथेतला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो.

दुसरी धारा प्रोग्रॅमने स्वतः मागितलेल्या मदतीची. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने 1962मध्ये ‘एक्स्ट्राकोड’ आणले. दिसायला साधी सूचना, पण ती येताच यंत्र कायम स्मृतीतल्या तयार कामाकडे वळायचं. मग 7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने सिस्टीम/360 जाहीर केला आणि दोन्ही धारा एकत्र आल्या. या यंत्रात इंटरप्टचे पाच वर्ग होते: बाहेरचा इशारा, प्रोग्रॅममधली चूक, यंत्रातला बिघाड, इनपुट-आउटपुट, आणि पाचवा प्रोग्रॅमने मुद्दाम केलेला सुपरव्हायझर कॉल. पाचहींची रीत एकच. चालू स्थितीचे आठ बाइट ठरलेल्या जागी ठेवायचे आणि दुसऱ्या ठरलेल्या जागेवरून नवे आठ उचलायचे. सुपरव्हायझर कॉलसाठी या जागा होत्या 32 आणि 96. नव्या आठ बाइटांतला एक बिट यंत्राला विशेष अधिकाराच्या अवस्थेत नेत असे. सामान्य प्रोग्रॅमला हा बिट स्वतः बदलता येत नव्हता. म्हणून अधिकार हवा तर कर्नलने आखून दिलेल्या पत्त्यावरूनच जावं लागे. एका प्रोग्रॅमच्या चुकीने दुसऱ्याचा डेटा बिघडू नये, याचं रक्षण इथे आहे.

लिनस टॉरवाल्ड्सने 1991मध्ये हेलसिंकीत 386 प्रोसेसरवर लिनक्स लिहिला तेव्हा हीच वाट धरली. या प्रोसेसरच्या इंटरप्ट तक्त्यात 256 घरं. पहिली 32 प्रोसेसरने स्वतःसाठी राखलेली, टाइमर आणि की-बोर्डसारखी उपकरणं त्यापुढे आणि 128 क्रमांकाचं घर सिस्टीम कॉलसाठी. कोणता कॉल हवा त्याचा आकडा रजिस्टरमध्ये ठेवायचा: 1 म्हणजे एक्झिट, 2 फोर्क, 3 रीड, 4 राइट. हे आकडे 1971च्या पहिल्या युनिक्समध्येही असेच होते.

पुढे प्रोसेसर वेगवान झाले आणि हा लांबचा फेरा महाग पडू लागला. पेंटियम-2मध्ये खास सिस्टीम कॉलसाठी वेगळी सूचना आली. आजच्या 64-बिट पीसीवर ‘सिसकॉल’ ही सूचना तक्त्याला हातच लावत नाही. ‘नमस्कार’ छापायचं असेल तर एका रजिस्टरमध्ये राइटचा नवा क्रमांक 1, दुसऱ्यात स्क्रीनसाठी 1, तिसऱ्यात मजकुराचा पत्ता, चौथ्यात लांबी 21. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-8मध्ये तीन बाइट घेतं आणि या शब्दात हलन्त व काना धरून सात चिन्हं आहेत. सूचना चालली की परतीचा पत्ता एका रजिस्टरमध्ये जपला जातो आणि प्रोसेसर थेट कर्नलमध्ये पोचतो. वाट वेगळी झाली, डाइक्स्ट्राने पटवून घेतलेली रीत तीच राहिली. 2018मध्ये प्रोसेसरमधला मेल्टडाउन हा दोष उघड झाला, तेव्हा कर्नलने आपल्या स्मृतीचा बहुतेक भाग प्रोग्रॅमच्या स्मृती-नकाशातूनच काढून घेतला. त्यामुळे ये-जा पुन्हा महागली.

ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ही दोन प्रकरणं एकत्र शिकवा. आणि विद्यार्थ्यांनी लिनक्सवर ‘एस-ट्रेस’ लावून ‘एलएस’ ही साधी आज्ञा चालवून पाहावी. एका फोल्डरची यादी दाखवायला प्रोग्रॅम डझनावारी वेळा कर्नलकडे जातो, ते ओळीने डोळ्यांसमोर येईल.