भाताच्या वेषांतील तण

भाताच्या खाचरांत निंदणी करणाऱ्या बाईचे हात फार चपळ असतात. आडवें पसरलेलें गवत तिला दुरूनच दिसतें आणि तें ती मुळासकट उपटून बांधावर फेंकते. तिची फसगत होते ती भातासारख्याच दिसणाऱ्या एका गवतापुढें. वाढ तशीच ताठ, बुंधा तसाच हिरवा, पानेंही तशींच अरुंद. ओळखण्याची खूण एकच आणि तीही बारीक. पान जेथें खोडाला बिलगतें, तेथें भाताला एक पातळ पापुद्रा असतो. या गवताला तो नसतो. दिवसभर चिखलांत वांकून काम करणाऱ्या माणसानें प्रत्येक रोपाचा सांधा उलगडून पाहावा, असें सांगणें सोपें आहे. करणाऱ्याची कंबर मात्र वेगळेंच सांगते.

हें गवत भाताचें सख्खें भावंड नव्हे. तें सांवा या धान्याच्या गोतांतलें. त्याचे रानटी भाऊबंद ओढ्याकांठीं व पाणथळ जागीं आजही उगवतात. त्यांचे फुटवे जमिनीलगत चहूंकडे फांकतात आणि बुंध्यावर तांबूस छटा असते. 1983 सालीं स्पेन्सर बॅरेट या वनस्पतिशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, भातांत वाढणारें हें तण दिसण्यांत आपल्या रानांतल्या भाऊबंदांपेक्षां परक्या भातालाच अधिक जवळचें आहे. रक्ताचें नातें एकाशीं आणि तोंडवळा दुसऱ्याचा, असा हा प्रकार. तो घडला कसा?

याचें उत्तर चीनच्या इतिहासांत सांपडतें. सुंग घराण्याच्या काळांत, म्हणजे 960 ते 1279 या अवधींत, यांगत्से नदीच्या खोऱ्यांतील भातशेतीला विलक्षण भरभराट आली. 1012 च्या सुमारास अवर्षणामुळें सम्राटानें चंपा देशचें लौकर पिकणारें भात मागवून त्याचें बियाणें शेतकऱ्यांना वांटविलें. पुढें 1127 सालीं उत्तरेकडील राजधानी शत्रूच्या हातीं पडली आणि माणसांचे लोंढेच्या लोंढे दक्षिणेकडे लोटले. तोंडें वाढलीं, जमीन तेवढीच राहिली. तेव्हां वावभर खाचरांतूनही होईल तेवढें पीक काढणें भाग पडलें. 1149 च्या सुमारास छेन फू यानें आपल्या कृषिग्रंथांत निंदणीची स्वतंत्र चर्चा केली आहे. उपटलेलें तण फेंकून न देतां भाताच्या मुळाशीं चिखलांत खोल गाडावें, म्हणजे तें कुजून पिकाला खत होतें, असा त्याचा उपदेश. मोठा हिशेबी गृहस्थ दिसतो!

परंतु या कसोशीच्या निंदणीचा दुसरा परिणाम त्याच्या ध्यानीं येणें शक्य नव्हतें. जें गवत आडवें फांकलेलें किंवा तांबूस, तें प्रथम उपटलें जाई. एखादें रोप जन्मतःच थोडें ताठ, थोडें हिरवें असे. तें नजरेंतून सुटे, बीं धरी आणि तें बीं त्याच खाचरांत झडे. पुढल्या वर्षीं त्या बियांतून उगवलेल्या रोपांतूनही जीं अधिक भातासारखीं तींच वांचत. याहून गमतीची गोष्ट अशी कीं, रोपांच्या वाफ्यांत शिरलेलें हें गवत भाताच्या चुडाबरोबर उपटलें जाऊन शेतकऱ्याच्याच हातानें खाचरांत लावलें जाई. गवताला कांहीं अक्कल नव्हती आणि शेतकऱ्याचा तसा हेतूही नव्हता. तरीही शेंकडों वर्षें हातांनीं चाळणीचें काम केलें.

2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें याला भक्कम आधार दिला. यांगत्सेच्या खोऱ्यांतील नमुन्यांची आनुवंशिक घडण तपासली असतां असें दिसलें कीं, भाताचें सोंग घेणारा हा वंश रानटी गवतापासून सुमारें 1000 वर्षांपूर्वीं फुटला. या फेरबदलांत रोपाच्या बांध्याशीं संबंध असलेले 87 जनुक निवडले गेले असावेत; फुटव्यांचा कोन ठरविणारा जनुकही त्यांत आहे. मधल्या काळांत वंश बराच आकसला होता, असेंही आढळलें. निंदणीनें मारिलें पुष्कळ. जें उरलें तें पक्कें होऊन उरलें.

या व्यापाराचें मर्म प्रथम ओळखलें तें रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यानें. 1916 सालीं इराण व पामीर या प्रदेशांत हिंडतांना त्याला गव्हाच्या शेतांत राय नांवाचें तण आढळलें. (आपल्या फोडणींतील राईशीं याचा कांहींएक संबंध नाहीं.) जसजसें उंच चढावें तसतसा थंडीनें गहूं मागें पडे आणि रायचें प्रमाण वाढे, अखेर वरच्या शेतांत शेतकरी रायच पिकवीत! तणाचेंच धान्य झालें होतें. पिकांचें रूप घेणाऱ्या तणांच्या या वृत्तीला पुढें वाविलोव्हचेंच नांव मिळालें. लोकांची भूक भागावी म्हणून जन्मभर बियाणें गोळा करणारा हा पुरुष 1943 सालीं सारातोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनें खंगून मेला.

चीनमधील हकीकत शतकांची. पण रायपूरकडील भातप्रदेशांत तिचीच छोटी आवृत्ति विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत घडली. हा मुलूख तेव्हां नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतांत होता. 2000 सालापासून तो छत्तीसगड राज्यांत आहे. तेथें भात बव्हंशीं फेंकून पेरीत आणि त्यांत करगा नांवाचें रानभात मिसळे. कोवळेपणीं दोघांत फरक कळत नाहीं. कळतो तो करग्याचे दाणे कापणीपूर्वीं गळून पडतात तेव्हां. कृषितज्ज्ञांनीं यावर मोठी नामी तोड काढली. जांभळ्या पानांचें भात पेरावें आणि जें हिरवें दिसेल तें बेलाशक उपटावें. प्रथम ती छान लागू पडली. परंतु करगा हा परका नव्हे, भाताचाच जवळचा सोयरा. वाऱ्यानें परागांची देवाणघेवाण झाली, संकरांतून जांभळ्या पानांचा करगा उपजला, आणि हिरव्याची निंदणी चालू असल्यामुळें तोच तेवढा वांचला. कांहीं हंगामांतच खुरपें घेऊन बांधावर उभ्या राहिलेल्या बाईला सगळें शेत पुन्हां एकाच रंगाचें दिसूं लागलें.